कळतं, पण वळत नाही

एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकमेकांचा आधार कसा देता येईल? सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून केलेली मांडणी.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधली मुलं डॉक्टरांच्या पथकाने तपासायची, जन्मजात व्यंगं, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतले अडथळे वेळेत हेरायचे, अशी ही योजना. तिच्या तीस दोष-आजारांच्या यादीत एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, हेही नाव आहे. लक्ष हवं तिथे टिकवणं, स्वतःला आवरणं, हाती घेतलेलं काम तडीस नेणं या गोष्टी ज्या मेंदूला इतरांपेक्षा फार जड जातात, त्याची ही अवस्था.

या योजनेची वयोमर्यादा अठरा वर्षं. ती सुरू झाली तेव्हा पहिलीत असलेलं सहा वर्षांचं मूल २०२५ मध्ये अठरा वर्षांचं होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला आलं. शाळेत त्याची तपासणी झाली असेल वा नसेल, झाली असली तरी खोडकर पोर म्हणून सुटलं असेल; पण आता ते कुणाच्याच यादीत नाही. आणि एडीएचडीचा खरा चटका बसतो तो याच वयात.

पदवीचं पहिलं वर्ष

एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो कुणी एक खराखुरा मुलगा नाही, म्हणून त्याला नाव देत नाही. पण प्राध्यापकांना तो ओळखीचा वाटेल. मोहोळ तालुक्यातल्या गावातून सोलापुरात इंजिनिअरिंगला आला आहे, तीन मुलांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. बारावीला गुण चांगले होते. बारावीपर्यंत त्याचा दिवस दुसऱ्यांनी बांधून दिलेला होता. पहाटे आई उठवायची, शाळेची घंटा होती, क्लासचे सर वही तपासायचे, परीक्षा जवळ आली की वडील टीव्हीची वायर काढून ठेवायचे. कॉलेजात हे सगळं एका जून-जुलैत गेलं. सबमिशनची तारीख दीड महिन्यावर असते, म्हणजे त्याच्या लेखी ती नसतेच. जर्नल लिहायला तो रात्री नऊला बसतो, एक आकृती शोधायला फोन हातात घेतो, आणि दोन वाजता कुणी न सांगितलेलं एक सर्किट सुरेख काढून मोकळा होतो. जर्नल कोरंच. शेवटच्या दिवशी धावपळ, सर्टिफाय करून घेण्यासाठी सरांच्या केबिनबाहेर रांग, दोन विषयांत केटी, म्हणजे ते विषय राहिले. पुढच्या वर्षी वायडी, म्हणजे वर्षच गेलं. घरचे म्हणतात, मोबाईलने वाटोळं केलं. तो म्हणतो, मी आळशी आहे.

दुसरी एक मुलगी. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, शाळा मराठी, बी.कॉम.ची पुस्तकं इंग्रजी. आई विड्या वळते, कॉलेजातून आल्यावर हीही मदतीला बसते. वर्गात अगदी शांत, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. एकच पान चार वेळा वाचून तिच्या हाती काही लागत नाही, हॉल तिकीट हरवतं, परीक्षेचा फॉर्म दर वेळी लेट फी भरून जातो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करायचं राहून गेलं की वर्षाच्या फीचा बोजा घरावर. तिला घरात ‘वेंधळी’ म्हणतात. एडीएचडी म्हणजे उड्या मारणारा मुलगा, हे चित्र डोक्यात पक्कं बसल्यामुळे अशा मुली डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची चंचलता आतल्या आत चालते.

आळशी हा शब्द या दोघांना लावता येत नाही. मुलगा पाच तास खपून सर्किट काढतो, मुलगी शेकड्यांनी विड्या वळते. मेहनत आहे; ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामाला जुंपणारी यंत्रणा आतून मिळत नाही.

मेंदूचं घड्याळ

हा आजार मोबाईलने आणलेला नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांची वर्णनं आहेत : बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरता न येणारी. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत लक्ष न टिकणं हा केंद्रबिंदू ठरला आणि १९८७ मध्ये आजचं नाव आलं. तरीही बरीच वर्षं समज असा होता की वयात आल्यावर मूल यातून बाहेर पडतं. त्या पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीने मोठ्यांसाठी निकष सैल केले. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, घर, कॉलेज, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी आयुष्याचं खरंखुरं नुकसान व्हावं. वय सतरा किंवा अधिक असेल तर नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. अभ्यासाचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. निदान त्या कंटाळ्याचं होत नाही, लहानपणापासून चालत आलेल्या आणि सगळीकडे आडव्या येणाऱ्या अडचणीचं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं जमवून एक गोष्ट दाखवली. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी शिखर गाठते, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहाव्या वर्षी. वाढीचा क्रम तोच, पण जवळजवळ तीन वर्षं उशिराने. आणि सर्वाधिक उशीर पुढच्या भागांत, जिथे आखणी आणि संयम यांचं काम चालतं. मोठ्यांमधल्या पाहण्यांचा २००९ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा प्रमाण सुमारे अडीच टक्के निघालं. साठ जणांच्या वर्गात एक किंवा दोन.

या विषयावर आयुष्य घालवलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचं म्हणणं थोडक्यात असं : एडीएचडीत माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, ते वेळेवर हातून होत नाही. आपल्याकडे आज्या ‘कळतं, पण वळत नाही’ म्हणतात तेच. हे मान्य केलं तर उपायाची दिशा बदलते. अशा विद्यार्थ्याला वेळेचं महत्त्व पटवणाऱ्या व्याख्यानाचा उपयोग शून्य. ते महत्त्व त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण किंमत तो मोजतो. त्याला बाहेरून आधार लागतो, आणि तो ज्या क्षणी काम करायचं आहे त्याच क्षणी लागतो. आईची हाक आणि शाळेची घंटा तेच करत होती. प्रश्न इतकाच, की एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाला मान राखून हा आधार कुणी द्यायचा?

महाराष्ट्राची जुनी ओळख

उत्तराचा एक भाग महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीच सापडला आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचट गर्दच्या व्यसनाविषयी लिहीत होते, डॉ. अनिता अवचट मानसोपचार करत होत्या आणि पु. ल. देशपांडे यांचा हात पाठीशी होता. मुक्तांगणचं वेगळेपण असं, की व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे समुपदेशक झाली. नव्याने आलेल्या रुग्णाची थाप त्यांना लगेच कळते, कारण ती त्यांनी स्वतः मारलेली असते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. उपचार संपल्यावर माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहावा म्हणून पाठपुराव्याच्या बैठका झाल्या.

१९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था स्थापन केली. तिथेही रुग्ण आणि कुटुंबीयांचे आधारगट कामाचा भाग झाले. १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारपणातून त्यांना या आजाराचं घरातलं रूप कळलं होतं. आजारी माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गोलात बसून बोलायचं, कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, ही पद्धत त्यांच्या संस्थेने पुण्यात रुजवली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामुळे २००४ नंतर स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत ओळखीचा झाला.

म्हणजे ‘स्वमदत गट’ ही आपल्याकडे आयात केलेली कल्पना राहिलेली नाही. दारू, गर्द आणि स्किझोफ्रेनियासाठी तिने काम केलं. एडीएचडीकडे ती वळली नाही, कारण या आजारात दिसणारी आपत्ती नसते. माणूस रस्त्यावर पडत नाही, भास होत नाहीत. त्याच्या केट्या साठत जातात, एवढंच. आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतेक लहान मुलांची. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या, त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला. त्या चित्रपटातला डिस्लेक्सिया असलेला ईशान आज पंचविशी ओलांडून गेला असता. तो पुढे कॉलेजात कसा टिकला, हे कुणी विचारलं नाही.

नुसतं बोलून भागेल का?

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. व्यसनमुक्तीच्या गटाची नक्कल करून एडीएचडीचा गट चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये मेरी सोलांटो आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या ८८ प्रौढांचे दोन प्रकारचे गट केले. एका प्रकारच्या गटाला बारा आठवडे कामाचे तुकडे पाडणं, वेळेची आखणी, वही-डायरीचा वापर अशी कौशल्यं शिकवली आणि दर आठवड्याला घरचा अभ्यास दिला. दुसऱ्या प्रकारच्या गटात लोक एकमेकांना आधार देत आपल्या अडचणी बोलत होते. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्ष न टिकण्याच्या लक्षणांत कौशल्यं शिकलेल्यांची सुधारणा स्पष्टपणे जास्त होती. मन मोकळं करून बरं वाटतं, पण जर्नल त्याने पूर्ण होत नाही.

उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथल्या विद्यापीठात आर्थर अनास्टोपुलोस यांनी हाच धागा विद्यार्थ्यांपर्यंत नेला. त्यांच्या ‘ॲक्सेस’ कार्यक्रमात आठ आठवड्यांचा गट आणि त्याच्या जोडीला प्रत्येकाला एक मार्गदर्शक असतो, आणि पुढच्या सत्रातही पाठपुरावा चालू राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणं आणि दैनंदिन कामाची आखणी या दोन्हींत सुधारणा दिसली. गट आणि पाठपुरावा एकत्र आले तर फळ मिळतं, असा याचा अर्थ.

मग सोबत्यांचं काम काय? दोन कामं आहेत, आणि ती प्रशिक्षित माणसाला तितकी जमत नाहीत. एक, लाज उतरवणं. दहा वर्षं ‘तुला जमत नाही, कारण तू मनावर घेत नाहीस’ ऐकलेल्याला, समोरचाही हॉल तिकीट विसरून परत धावलेला आहे हे कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं. दुसरं, शेजारी बसणं. एकटं असताना न होणारं काम दुसरा कुणी आपापलं काम करत शेजारी बसला की होतं, हा अनुभव एडीएचडी असलेले जगभर सांगतात. यावर भक्कम चाचण्या अजून थोड्याच आहेत. पण सोलापुरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं पैसे भरून, शेजारच्या टेबलावर अनोळखी माणूस बसवून याच तत्त्वावर अभ्यास करतात, हेही विसरू नये.

बचत गटाची पंचसूत्री

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन, एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं. शंभराहून अधिक महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत आणि ती सगळी एकाच जिल्ह्यात, एसटीच्या टप्प्यात आहेत. मुंबई-पुण्याच्या मोठ्या विद्यापीठांना ही सोय नाही. पुणे रस्त्यावर केगावला असलेल्या विद्यापीठाच्या परिसरात काही सुरू झालं तर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटपर्यंत एकाच परिपत्रकाने पोहोचतं.

नमुनाही जिल्ह्यात घरोघरी आहे : महिलांचा बचत गट. दहा ते वीस जणी, ठरलेला वार, ठरलेली जागा, हजेरीचं रजिस्टर. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री गावातल्या न शिकलेल्या बाईलाही पाठ असते. बचत गट एकमेकींना धीर देतो हे खरं, पण तो टिकतो रजिस्टरमुळे. विद्यार्थ्यांच्या गटालाही असाच कणा हवा.

बैठक आठवड्यातून एकदा, दीड तास, आठ ते पंधरा जण. पहिली वीस मिनिटं गेल्या आठवड्याचा हिशेब : काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे अडलं. ‘का नाही केलंस’ हा प्रश्न गटात बंद; तो घरी भरपूर विचारला जातो. मग पन्नास मिनिटं फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवून प्रत्येकाने आपलं अडकलेलं काम तिथेच बसून करायचं. एक्सपेरिमेंट तीन लिहायचं असेल तर ते, महाडीबीटीचा फॉर्म असेल तर तो. शेवटच्या वीस मिनिटांत पुढची पायरी लहान करून लिहायची. ‘अभ्यास करीन’ असं नाही. ‘मंगळवारी साडेसातला युनिट दोनचे पहिले तीन प्रश्न’ असं. आणि मंगळवारी सव्वासातला फोन कोण करणार, हे त्याच कागदावर. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की त्या आठवड्याची बैठक फक्त फॉर्म भरण्यासाठी.

वेळेचं भान सुटलेल्यांचाच गट असल्याने तो वेळेवर सुरू होणं ही रोजची परीक्षा राहणार. बचत गटातला उशिराचा दंड इथे घातक ठरेल. दंडाच्या भीतीने माणूस येणंच सोडतो. एक तास आधी आठवणीचा फोन, आणि उशिरा आलेल्यासाठी उघडं दार, हे दोन नियम पुरतात. निदानाचं प्रमाणपत्र दारात मागू नये, कारण निदानापर्यंत पोहोचण्यासाठीच अनेकांना आधी गट लागेल. गटाच्या पाटीवर आजाराचं नाव नसावं, आणि बैठकीतलं बोलणं खोलीबाहेर जाऊ नये.

अशा गटांचा सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ते पहिल्या दोन महिन्यांत उत्साहाने चालतात आणि मग मरतात. चालवणाऱ्याला स्वतःला एडीएचडी असतो. तो खोलीची चावी आणायला विसरतो, निरोप टाकायचा राहतो, परीक्षेची सुट्टी लागते आणि पुन्हा कुणी जमत नाही. म्हणून चर्चा सोबत्यांच्या हाती आणि वेळापत्रक संस्थेच्या हाती, अशी वाटणी हवी. मुक्तांगणला हेच साधलं : बोलणारी माणसं त्याच वाटेने गेलेली, पण छप्पर, वेळ आणि पाठपुरावा संस्थेचा. नॅकच्या मूल्यांकनाच्या निमित्ताने प्रत्येक कॉलेजात मेंटॉर-मेंटीच्या याद्या तयार असतात, बहुतेक वेळा फायलीत. त्यातल्या एका प्राध्यापकाने चावी, दिवस आणि रजिस्टर सांभाळावं, आणि बैठकीच्या वेळी खोलीबाहेर राहावं. आत शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी सूत्रं धरतील. दोघं, कारण एक जण विसरणार आहे.

गोळी, कायदा आणि रील

गट हा उपचाराला पर्याय नाही. एडीएचडीवर औषधं आहेत आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. सर्वांत जास्त वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झालं. भारतात ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या मनोप्रभावी द्रव्यांच्या यादीत असल्याने त्याच्या विक्रीवर कडक बंधनं आहेत. प्रत्येक औषध दुकानात ते मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. कोणतं, किती आणि घ्यायचं की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. सोलापुरात त्यासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. गटात मात्र एक नियम दगडावर कोरावा लागेल : कुणी कुणाला आपली गोळी द्यायची नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘एक दे ना’ म्हणणारे निघतील, आणि ती गोळी मित्राला देणं हे आरोग्याला धोक्याचं आणि कायद्याने गुन्हा आहे.

सवलतींचं चित्र धूसर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ आपोआप मिळत नाही. अनेकांना एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही असते, त्यांना त्या बाजूने मार्ग आहे. विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ठरावीक टक्केवारीच्या खाली असलेल्या दिव्यांग व्यक्तीलाही लेखनिकासारखी वाजवी सोय नाकारता येणार नाही, असं म्हटलं. तो खटला हाताच्या दुखण्याचा होता. तरी अडचण पाहून सोय करायची, हे तत्त्व त्यातून विद्यापीठांनी घ्यायला हरकत नाही.

जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणं त्यांत आहे. असा समुपदेशक कॉलेजात आला की महिन्यातून एकदा तो गटात बसू शकेल, कौशल्यांचे धडे देईल आणि कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते पाहील. एडीएचडीबरोबर नैराश्य आणि चिंता वारंवार येतात. जगणं नकोसं झाल्याची भाषा कुणाच्या तोंडी आली तर गटाने ती स्वतःपुरती ठेवू नये. १४४१६ ही टेलि-मानसची सेवा दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं.

गटात येणारे बरेच जण रील पाहून येतील. २०२४ मध्ये आलिया भट आणि फहाद फासिल यांनी स्वतःच्या निदानाबद्दल सांगितलं, तेव्हापासून हा शब्द तरुणांच्या तोंडी आहे, आणि ते चांगलंच झालं. पण कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे सर्वाधिक पाहिलेले शंभर एडीएचडी व्हिडिओ तपासले तेव्हा ५२ दिशाभूल करणारे निघाले. त्यामुळे ‘माझ्यात हे सगळं आहे’ म्हणणाऱ्याला गटाने हसूही नये आणि शिक्काही मारू नये. झोप किती होते, थायरॉइड तपासलं का, हे लहानपणीही होतं का, एवढं विचारून डॉक्टरांची वाट दाखवावी.

खर्चाचा हिशेब

एक खोली, आठवड्यातला दीड तास, एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी आणि एक रजिस्टर. यासाठी नवं बजेट लागत नाही. उलट बाजूचा खर्च मात्र आजही होतोच : वायडीचं एक वर्ष म्हणजे पुन्हा कॉटचं भाडं, मेसचे पैसे, हुकलेली शिष्यवृत्ती. तो मोहोळच्या शेतकऱ्याच्या आणि पूर्व भागातल्या विडी कामगाराच्या खिशातून जातो, म्हणून विद्यापीठाच्या ताळेबंदात दिसत नाही.

सुरुवात तीन कॉलेजांपासून व्हावी, एक इंजिनिअरिंगचं, एक शहरातलं कला-वाणिज्याचं, एक तालुक्याच्या गावचं. वर्षभर केट्या, हजेरी आणि वेळेत भरलेले फॉर्म मोजावेत. उपयोग झाला नाही तर बंद करावं. झाला, तर पुढच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वसतिगृह आणि कमवा-शिका योजनेच्या खाली आणखी एक ओळ छापावी : काम सुरू होत नाही, सुरू झालं तर संपत नाही, असं लहानपणापासून होत असेल तर बुधवारी चार वाजता या खोलीत या, उशीर झाला तरी या.